वन्संचा गुडघा

माणूस दिसला की आमच्या वन्संना आधी त्याचं वजन दिसतं, तोंड नंतर. सव्वीस वर्षं त्यांनी भंगाराच्या डेपोबाहेर वजनकाट्यावर ट्रक तोलले. आमची पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आपल्या भावाला म्हणाल्या, “एक्कावन्न. ओल्या केसांसकट.” मी हबकलेच. घरी जाऊन गुपचूप काट्यावर उभी राहिले, तर बरोबर एक्कावन्न भरले. नणंद-भावजयीचं विळ्या-भोपळ्याचं सख्य असतं म्हणतात, पण या बाईशी भांडायचं तरी कसं, हिला तर माझं सगळंच दिसतं, असं मला तेव्हापासून वाटत आलं. ते खोटं निघालं. ते कसं खोटं निघालं तेच सांगायला बसले आहे.

कामावरून निवृत्त झाल्यावर माणसं झोपा काढतात. वन्संनी मेंढ्या आणल्या. आधी पाच, मग अकरा, मग सत्तावीस. आमचं घर पुढच्या दोन खोल्यांचं, मागची खोली वन्संची. त्यामागे नळ, मग पत्र्याचा गोठा आणि गोठ्याला लागून तारेचं कुंपण घातलेला गवताचा तुकडा. एवढंच आमचं साम्राज्य. मी पुढच्या खोलीत मशीनवर पडदे शिवते. आमचे हे, म्हणजे वन्संचे धाकटे भाऊ, बस डेपोत टायरांचं काम बघतात. आम्हा दोघांनाही मेंढीची शेपटी कुठली आणि तोंड कुठलं एवढंच कळायचं, आणि लोकर वाढली की तेही घाईत चुकायचं.

मेंढीची खुरं आपल्या नखांसारखी वाढत जातात. वेळेवर छाटली नाहीत तर आत वळतात, त्यात चिखल बसतो, मग पाय सडतो आणि मेंढी गुडघ्यांवर चरायला लागते. म्हणून वर्षातून तीन वेळा एकेक मेंढी धरून उलटी करायची आणि चारही खुरं कातरीनं छाटायची. वन्संना हे करताना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातातली कपडे वाळत घालायची बादली खाली पडली. साठीला टेकलेली बाई, डावा हात मेंढीच्या जबड्याखाली, उजवा तिच्या मागच्या अंगाला. मान बरगडीकडे वळवली, स्वतः एक पाऊल मागे सरकली आणि पंचावन्न-साठ किलोचं ते धूड अलगद ढुंगणावर बसलं. पाठ वन्संच्या पायांना टेकलेली, चारही पाय पुढे, चेहऱ्यावर आरामखुर्चीत बसलेल्या आजोबांचा भाव. ना ओरड, ना झटापट.

“मेंढी उलटी झाली की गप्प होते,” वन्सं म्हणाल्या. “तुझ्या नवऱ्यासारखी नाही. तो उलटला की बोलायला लागतो.”

पण उलटी करण्याआधी एक गोष्ट व्हायचीच व्हायची. मेंढी उभी असतानाच वन्सं तिच्या शेजारी जमिनीवर बसायच्या, डावा गुडघा तिच्या पोटाखाली सरकवायच्या, पोटाचं सगळं वजन त्याच्यावर घ्यायच्या आणि डोळे मिटायच्या. दहापर्यंत आकडे मोजायच्या. मग म्हणायच्या, “रिकामी.” नाही तर म्हणायच्या, “थांब, हिच्यात आहे,” आणि तिला पाठीवर थाप मारून तशीच सोडून द्यायच्या. दिवस भरत आलेल्या मेंढीला पाठीवर पाडलं तर आतलं सगळं ओझं तिच्या छातीवर येतं, श्वास कोंडतो, असं त्यांचं म्हणणं. गाभण मेंढीची खुरं राहिली तर राहिली, व्यायल्यावर बघू. एकदा जनावरांचे डॉक्टर त्यांचं यंत्र घेऊन आले आणि एका मेंढीला रिकामी म्हणून गेले. वन्सं म्हणाल्या, आहे. दोन महिन्यांनी ती व्याली. डॉक्टर पुन्हा आले तेव्हा गेटातूनच ओरडले, “बाई, तुमचा गुडघा विकायचा आहे का?”

तो गुडघा नळाजवळच्या शेवाळावर फुटला. सकाळी बादली घेऊन निघाल्या आणि सपकन पडल्या. मी धावत गेले तर पाय भलत्याच दिशेला, आणि वन्सं मला म्हणतायत, “आधी एडक्याला पाणी दे, तो तापट आहे.” गुडघ्याच्या वाटीचे तीन तुकडे झाले होते. तारेनं बांधली. डॉक्टरांनी त्यांना नाही, आम्हाला समोर बसवून सांगितलं, की हा गुडघा यापुढे जमिनीला टेकवायचा नाही, वजन घ्यायचं नाही. पुन्हा पडल्या तर पाय कायमचा ताठ राहील.

वन्सं दवाखान्यात होत्या त्या पंधरा दिवसांत मेंढ्या माझ्या गळ्यात पडल्या. एडका म्हणजे कळपातला नर. त्याचं कुंपण वेगळं, मेंढ्यांचं वेगळं. टाके काढायच्या आदल्या दिवशी सकाळी मी एडक्याला पाणी ठेवत होते, तेवढ्यात पुढे पडद्यांचं गिऱ्हाईक आलं. मी घाईनं फाटक लोटलं, कडी घातली नाही. दुपारी जाऊन पाहते तर स्वारी मेंढ्यांच्या घोळक्यात, सासरी आलेल्या जावयासारखी ऐसपैस बसून रवंथ करतेय. शिळ्या पावाचं आमिष दाखवून मी त्याला परत आत घेतला. कुणाला सांगितलं नाही. चार-पाच तासांत काय आकाश कोसळतंय, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर वन्संची भीती वाटली. त्या घरी आल्या, पलंगावर पाय पसरून टेकल्या आणि पहिला प्रश्न आला, “एडका वेगळाच होता ना सगळा वेळ?”

“हो तर,” मी म्हटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पुढचे महिने वन्सं कुंपणाबाहेर खुर्ची टाकून बसायच्या आणि तिथून आम्हाला हुकूम सोडायच्या. उंटावरून शेळ्या हाकतात ते मी पुस्तकात वाचलं होतं, खुर्चीवरून मेंढ्या हाकलेल्या तेव्हा पाहिल्या. आत यायची त्यांना बंदी होती, एक धडक बसली की संपलं. लांबून जेवढं दिसेल तेवढं त्या बघायच्या. एकदा म्हणाल्या, “ती चष्मेवाली अंगानं सुटलीय गं.” चष्मेवाली म्हणजे डोळ्यांभोवती काळी वर्तुळं असलेली तरुण मेंढी. दोन हंगाम होऊन गेले तरी राहिली नव्हती, म्हणून सगळे तिला भाकडच धरत. मी म्हटलं, “खाते तेवढी, आळशी आहे.” त्यांनी मान हलवली. माझ्या डोळ्यांवर त्यांनी विश्वास टाकला होता, कारण त्यांचा गुडघा आता खुर्चीसमोर उशीवर ठेवलेला असायचा.

खुरं मात्र वाढत होती. दोन मेंढ्या लंगडायला लागल्या. आमचे हे एक दिवस जेवताना म्हणाले, “ताई, आता पुरे. सोमवारी व्यापाऱ्याला बोलावतो. सगळ्या एकदम घेऊन जाईल.” वन्संनी हातातला घास ताटात ठेवला. आयुष्यभर हजारो ट्रकांना ‘चला, पुढे घ्या’ म्हणणारी बाई, त्या दिवशी उठून आपल्या खोलीत गेली आणि दार लावून बसली. मला ते बघवेना. मी नवऱ्याला म्हटलं, तुम्हाला काळीज आहे की टायर? ते म्हणाले, “ती त्या मेंढ्यांत जाणार, पुन्हा पडणार आणि जन्मभर काठीवर चालणार. मग तू मला हेच विचारशील.” त्यांचंही खोटं नव्हतं.

खोडा मी शोधला, हे मला कबूल करायलाच हवं. जनावरांच्या दवाखान्यात गुरं उभी करायला लोखंडी खोडा असतो तसाच, पण मेंढीच्या मापाचा, आणि हा फिरायचा. मेंढी एका बाजूनं आत चालत येते. दांडा ओढला की दोन्हीकडच्या जाळ्या तिच्या कुशीला येऊन घट्ट बसतात. खिटी घालायची. मग बाजूचं हँडल फिरवलं की अख्खा पिंजरा आसावर वळतो आणि मेंढी पाठीवर, चारही खुरं वर, अगदी स्टुलावर बसलेल्या माणसाच्या हाताशी. ना गुडघा टेकवायचा, ना वजन घ्यायचं. बंद पडलेल्या एका फार्मवर तो गंजत होता, त्यांनी टेंपोनं पाठवून दिला. मी दोन दिवस पॉलिश पेपरनं गंज घासला, यांनी डेपोतून ग्रीस आणून आसाला लावलं. आमचे हे त्याला पाळणा म्हणायला लागले.

मग पैज ठरली. एका दिवसात सत्तावीस मेंढ्यांची खुरं छाटून झाली पाहिजेत. ताईनं गुडघा जमिनीला लावायचा नाही. जमलं तर मेंढ्या राहतील आणि हा विषय पुन्हा निघणार नाही. नाही जमलं तर सोमवारी व्यापारी. “आणि मी स्वतः बघायला बसणार,” असं म्हणून यांनी त्या रविवारी खरोखर दारातली खुर्ची उचलून गोठ्यात मांडली, पंच बसतात तशी.

वन्सं पहाटेच तयार होत्या. केस घट्ट बांधलेले, कातरीला धार लावलेली. मेंढ्या आदल्या संध्याकाळपासून उपाशी ठेवल्या होत्या, कारण भरल्या पोटी उलट्या करायच्या नाहीत. स्टुलावर बसण्याआधी त्या दारात येऊ घातलेल्या पहिल्या मेंढीसमोर थांबल्या. त्यांचा डावा पाय नकळत पुढे आला. मग त्यांना आठवलं आणि त्या मागे सरकल्या.

“गुडघा लावून बघता येत नाही,” त्या म्हणाल्या. “पण यंदा एडका लांबच होता. म्हणजे सगळ्या रिकाम्याच. हो ना गं?”

त्या माझ्याकडे बघत होत्या. हेही बघत होते. तेव्हा बोलले असते तर काय झालं असतं? वन्सं म्हणाल्या असत्या, थांबा, डॉक्टरांना बोलवा, आज नको. आणि आम्ही पैज हरलो असतो. हे मी त्या एका क्षणात स्वतःशी बोलून घेतलं, आणि ते वन्संच्या भल्यासाठी आहे असंही ठरवून टाकलं. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याच्याइतका हुशार कुणी नसतो. मी मान हलवली.

काम सुरू झालं आणि मी थक्क झाले. मी मेंढी हाकून आत घ्यायची, दांडा ओढायची, खिटी, हँडल, आणि मेंढी उताणी. वन्सं स्टुलावरून कातरी चालवायच्या. चिखलानं माखलेलं वाकडं खुर चार कापांत नव्यासारखं. पाच-सहा मिनिटांत एक. लंगडणाऱ्या दोघींच्या खुरांतून त्यांनी काळी घाण काढली, औषध ओतलं आणि त्या दोघी चक्क चारही पाय टेकून चालत गेल्या. साडेनऊला एकोणीस झाल्या होत्या. आमच्या पंचांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. शेवटी ते उठले आणि स्वतः चहा करायला गेले, हीच त्यांची हार.

“जिंकलात वन्सं,” मी म्हटलं.

“काम होतंय खरं,” त्या म्हणाल्या. “पण काही कळत नाही गं याच्यात. अंगाला मेंढी लागली की ती काहीतरी सांगते. हे लोखंड मुकं आहे.”

विसावी चष्मेवाली होती. आत यायला तयार नव्हती. मी तिला मागून ढकललं, आळशी म्हणून शिवी घातली. दांडा ओढला तर जाळी नेहमीच्या खाचेपर्यंत येईना, एक खाच अलीकडेच अडली. सुटलीय, म्हणून मी जोर लावला. खिटी बसली. हँडल फिरवलं. तिनं दोन-तीन झटके दिले आणि गप्प झाली. सगळ्याच गप्प व्हायच्या.

तेवढ्यात हे चहा घेऊन आले. वन्संनी चष्मेवालीची पुढची दोन खुरं छाटली होती. यांनी कप पुढे केला आणि म्हणाले, “ताई, मान्य. पण पुढच्या वर्षी काय? तेव्हा मी रिटायर, हिचे हात दुखायला लागलेत.” मला संताप आला. हरलेला माणूस हरलोय म्हणत नाही, पुढच्या वर्षाचं बोलतो. मी हँडल धरूनच त्यांच्याशी भांडायला लागले. माझे हात काढतायत, स्वतःची पाठ बघा. वन्सं कप हातात धरून आमच्याकडे बघून हसत होत्या. किती वेळ गेला? चार मिनिटं? पाच? कप रिकामा करून वन्संनी खाली ठेवला आणि स्टूल मागच्या खुरांकडे सरकवलं.

कातरी खाली पडल्याचा आवाज आला.

“कास,” वन्सं म्हणाल्या.

मला समजलंच नाही. मी वाकून पाहिलं. मागच्या दोन पायांच्या मध्ये लोकर बाजूला झाली होती आणि तिथे गुलाबी, ताणलेली, भरलेली कास होती. दिवस भरत आलेल्या मेंढीची असते तशी.

“फिरव! फिरव परत, सरळ कर तिला!”

वन्सं अशा ओरडलेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. हँडल कुठल्या बाजूला फिरवायचं ते आठवेना. यांनी मला बाजूला ढकललं आणि पिंजरा वळवला. खिटी काढली, जाळी उघडली. चष्मेवाली उभी राहिली नाही. जशी होती तशी कुशीवर घसरली, मान पिंजऱ्याबाहेर लोंबली, तोंडातून जीभ आली. डोळे उघडे होते आणि त्यांत काही नव्हतं. वन्संनी स्टुलावरूनच वाकून तिच्या नाकापाशी हात नेला, मग बरगडीवर ठेवला. मेली होती. आम्ही चहा पीत असताना, भांडत असताना, माझा हात हँडलवर असताना ती मेली होती आणि मला वाटलं होतं ती शांत आहे.

मग तिचं पोट हललं.

बाहेरून नाही, आतून. कुशीची लोकर एका जागी वर आली, बसली, पुन्हा वर आली. वन्सं ओरडल्या, “सुरी! माझ्या खोलीत, खिडकीत!” आणि स्वतः उठायला गेल्या, पण पाय वाकेना आणि त्या पिंजऱ्याला धरून तशाच लटकल्या. मी धावले. नळापाशी घसरता घसरता वाचले. खिडकीत सुरी नव्हती, कपाटावर होती. ती घेऊन मी परत आले तेव्हा हे मेंढीशेजारी बसले होते, दोन्ही हात तिच्या पोटावर ठेवून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नाही अशी मान हलवली.

तरीही वन्संनी सुरी घेतली. जे करायचं ते यांच्याकडून करवून घेतलं, कुठे हात धरायचा, किती खोल जायचं, सगळं थंड आवाजात सांगून. कोकरू पूर्ण वाढलेलं होतं. डोळ्यांभोवती काळी वर्तुळं होती. वन्संनी त्याचं नाक पुसलं, पाय धरून हलवलं, तोंडात फुंकर घातली, पोत्यानं खसाखसा घासलं. खूप वेळ. मग पोतं त्याच्यावरच घातलं.

एकोणीस मेंढ्या स्वच्छ खुरांवर उभ्या राहून आमच्याकडे बघत होत्या. मी भिंतीला टेकले होते. मी आयुष्यात मरण पाहिलेलं आहे, आई गेली तेव्हा मी उशाशी होते. पण हे माझ्या हातानं झालं होतं, आणि ते अजून माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

“मला कळलं नाही,” वन्सं म्हणाल्या. रडत नव्हत्या. हिशेब चुकल्यावर माणूस कागदाकडे बघतो तशा स्वतःच्या हातांकडे बघत होत्या. “कुठून आत आला असेल एडका? मागच्या वर्षीच्या कोकरांत एखादा नर राहिला का माझ्या नजरेतून? समोर बसून चार महिने बघत होते मी तिला. सुटलीय म्हणाले. सुटलीय!” मग त्या आपल्या भावाकडे वळल्या. “धाकट्या, फोन लाव त्या व्यापाऱ्याला. सोमवारची वाट बघू नकोस. जिला हेही दिसत नाही तिनं जनावरं ठेवू नयेत.”

आठवडाभर याच फोनसाठी धडपडणाऱ्या माझ्या नवऱ्यानं खिशातून फोन काढला आणि तो तसाच हातात धरून राहिला. “ताई, आज नको,” एवढंच ते म्हणाले. त्यांचे हात कोपरापर्यंत लाल होते.

“आजच.”

मी गप्प राहिले असते तर सुटले असते. मेंढ्या गेल्या असत्या, वन्संनी उरलेलं आयुष्य स्वतःला आंधळी समजून काढलं असतं, आणि मी त्यांना रोज सकाळी चहा दिला असता. हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर स्पष्ट उभं राहिलं आणि त्याचीच मला शिसारी आली.

“वन्सं, तुमचं चुकलं नाही,” मी म्हटलं. “एडका मी सोडला होता.”

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

“म्हणजे कडी राहिली. तुम्ही दवाखान्यात होता. टाके काढायच्या आदल्या दिवशी. सकाळपासून दुपारपर्यंत तो यांच्यात होता. मी परत आत घेतला आणि सांगितलं नाही.”

वन्संच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येत नाही. राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. एखाद्या माणसाला आपण रोज बघतो आणि एक दिवस तो वळतो तर तो दुसराच कुणी असतो, तशा त्या बघत होत्या. ओठ हलत होते. आधी मला वाटलं मला शिव्या देतायत. नंतर कळलं, दिवस मोजतायत.

“मी विचारलं होतं,” त्या शेवटी म्हणाल्या. “घरी आले तेव्हा विचारलं. आज सकाळी विचारलं. आणि तू हँडल फिरवत होतीस.”

“हो.”

“एकोणीस वेळा फिरवलंस.”

“वीस,” मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. यांनी पुटपुटत मला गप्प राहायला सांगितलं.

वन्सं भिंत धरून उठल्या. लंगडत दाराशी गेल्या, बाहेर बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं आता त्या खोलीत जातील आणि दार लावतील, आणि या वेळी ते माझ्यासाठी कधीच उघडणार नाही. पण त्या वळल्या आणि दाराजवळचा खडू आणि काठी घेऊन परत आल्या.

“चार तास म्हणजे एकटी ही नसेल,” त्या म्हणाल्या. “उरलेल्या सव्विसांतल्या कुणात आहे ते आजच बघितलं पाहिजे. ज्या उलट्या करून झाल्या त्यांतसुद्धा. बस.”

“काय?”

“खाली बस. जमिनीवर. डावा गुडघा पुढे.”

मी बसले. लेंड्या, ओल, कातरलेल्या खुरांचे तुकडे, त्यातच. यांनी पहिली मेंढी धरून आणली. वन्संनी माझा गुडघा काठीच्या टोकानं सरकवून कासेच्या पुढे, बरोबर जागी आणला. “वजन घे. ढकलू नकोस, घे. डोळे मिट. दहा मोज.” मला काही कळेना. गरम, जड, खरखरीत, एवढंच. “काय लागलं?” काही नाही. “मग रिकामी. पुढची.” दुसरी. तिसरी. माझी मांडी थरथरायला लागली. चौथीला वन्सं म्हणाल्या, पुन्हा, तू मोजलंस पण ऐकलं नाहीस. मी पुन्हा डोळे मिटले. पाचवी, सहावी. त्या माझ्याशी एक शब्द जास्तीचा बोलत नव्हत्या. माझी साडी मेणचटली होती, नाकातून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

नववी ती थोराड मेंढी होती, सकाळी सगळ्यांत आधी उलटी केलेली. मी गुडघा तिच्या पोटाखाली घेतला. सहापर्यंत मोजलं. सातवर माझ्या गुडघ्याला काहीतरी लागलं. लहानसं, टणक. आतून कुणी दार ठोठावावं तसं एकदा. मग पुन्हा एकदा.

माझे डोळे उघडले. सकाळी मी हिलाही उताणी टाकली होती. आम्ही हिची चारही खुरं सावकाश, हसत-बोलत छाटली होती. मी वन्संकडे बघून नुसतीच मान हलवायला लागले.

“मान हलवू नकोस,” वन्सं म्हणाल्या. “मान तू सकाळीही हलवली होतीस. तोंडानं सांग. माझा गुडघा गेलाय, आता मला जे कळायचं ते तुझ्याच तोंडून कळणार आहे.”

“आहे,” मी म्हटलं. “वन्सं, हिच्यात आहे. जिवंत आहे.”

त्यांनी मेंढीच्या पाठीवर खडूची रेघ ओढली. रेघ वाकडी आली.

“पुढची आण रे,” त्या भावाला म्हणाल्या. यांनी फोन खिशात टाकला आणि पुढची आणायला गेले.